महागाई चढताना पैसे कुठे ठेवायचे: ठेवी, रोखे, शेअर, सोनं आणि घर

४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने पतधोरणाच्या ठरलेल्या तारखेची वाटही न पाहता रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती बँकांना पैसे देते तो, ४ वरून ४.४० टक्के केला. फेब्रुवारी २०२३ उजाडेपर्यंत तो ६.५० वर होता. या नऊ महिन्यांत ज्याची मुदत ठेव सहा-सहा महिन्यांची होती, त्याला प्रत्येक नूतनीकरणाला जास्त व्याज मिळत गेलं. ज्याने आदल्या वर्षी ‘आहे तो दर बांधून टाकू’ म्हणत पाच वर्षांसाठी साडेपाच टक्क्यांना पैसे अडकवले होते, तो बघत बसला. बँक तीच, जोखीम तीच. एकाचा दर हलू शकत होता, दुसऱ्याचा नाही, एवढाच फरक.

महागाईच्या काळात गुंतवणूक निवडताना हाच प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारायचा: इथलं उत्पन्न महागाईच्या मागोमाग किती दिवसांत वर सरकतं? तीन महिन्यांत, तीन वर्षांत, की कधीच नाही? कोणत्याही महागाईत हमखास चालेल अशी एकच चीज कुठल्याच वर्गात नाही. सोनंही नाही, त्याचे आकडे पुढे येतीलच.

आधी महागाईची जात ओळखा

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किरकोळ महागाईचा आकडा ७.४४ टक्क्यांवर नेला. ऑक्टोबरमध्ये तोच आकडा ४.८७ होता. रिझर्व्ह बँकेने मधल्या काळात दर हलवला नाही आणि ते बरोबरच होतं, कारण भाजीची महागाई नवं पीक बाजारात आलं की ओसरते. एप्रिल २०२२ चा ७.७९ टक्क्यांचा आकडा वेगळ्या जातीचा होता. तेव्हा खाद्यपदार्थ आणि इंधन वगळून उरणारी कोअर महागाईसुद्धा सहाच्या आसपास चिकटून बसली होती, कच्चं तेल भडकलं होतं आणि रुपया घसरत होता. सलग तीन तिमाही सहा टक्क्यांची वरची मर्यादा ओलांडल्यामुळे रिझर्व्ह बँकेला सरकारला लेखी खुलासा द्यावा लागला.

म्हणून दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमाराला सीपीआयचा, म्हणजे किरकोळ महागाईच्या निर्देशांकाचा, आकडा आला की मथळ्यावर थांबू नका. खाद्यमहागाई किती आणि कोअर किती, हे दोन आकडे वेगळे काढा. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता, त्यामुळे कांदा-टोमॅटोने मथळा हलायचाच. फक्त भाजीपाला चढला असेल तर गुंतवणुकीत काहीही बदलू नका. कोअर सलग तीन-चार महिने चढत असेल आणि जोडीला तेल महाग, रुपया कमकुवत असेल, तर पुढची कामं करायला घ्या.

दुसरा आकडा तुमच्या घरचा. मागच्या वर्षीची आणि यंदाची बँक पासबुकं, यूपीआयचा इतिहास, शाळेच्या पावत्या समोर ठेवून एका कागदावर दोन रकाने करा. समजा, महिन्याचा किराणा-भाजी-दूध १६,००० वरून १७,६०० झालं. भाडं १८,००० वरून १८,९००. शाळेची फी महिन्याला वाटून ८,००० वरून ८,९६०. वीज, गॅस, पेट्रोल ७,००० वरून ७,२१०. औषधं आणि आरोग्यविमा ४,००० वरून ४,६००. बाकी सगळं ७,००० वरून ७,२८०. बेरीज ६०,००० वरून ६४,५५० वर गेली, म्हणजे घरची महागाई जवळजवळ ७.६ टक्के. त्या वर्षी सरकारी आकडा पाच असला तरी तुमचं गणित साडेसातवर मांडायला हवं. मुलं शाळेत आणि आई-वडील औषधांवर असलेल्या घरात हा आकडा सरकारी आकड्यापेक्षा वरच निघतो. ज्याचं घर स्वतःचं आहे आणि मुलं मार्गी लागली आहेत, त्याचा कमी निघेल.

आता हा आकडा ठेवीच्या व्याजाशी ताडून बघा, पण कर वजा करून. ७ टक्क्यांची ठेव, ३० टक्क्यांचा टप्पा, वर ४ टक्के उपकर: हातात ४.८२ टक्के. १० लाखांचे वर्षाने १०,४८,१६० होतात. मागच्या वर्षी १० लाखांत जे येत होतं त्याला आता १०,७६,००० लागतात. साधारण २८ हजारांची तूट, आणि पासबुकात मात्र आकडा वाढलेला. नव्या करपद्धतीत ज्यांचं एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे त्यांना ठेवीच्या व्याजावर कर पडत नाही. त्यांनी हे गणित पूर्ण ७ टक्क्यांनी करावं. शेजाऱ्याला ठेव परवडते आणि तुम्हाला नाही, याचं कारण बऱ्याचदा कराचा टप्पा हेच असतं.

गृहकर्ज असेल तर सुरुवात तिथून

बदलत्या दराचं गृहकर्ज हा महागाईत सगळ्यात आधी बिघडणारा आकडा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडलेली आहेत. रेपो चढला की काही महिन्यांत तुमचा दर चढतो.

४० लाखांचं, २० वर्षांचं, ७ टक्क्यांचं कर्ज घेतलं तर हप्ता ३१,०१२ रुपये येतो. सुरुवातीलाच दर ९ वर गेला आणि बँकेने हप्ता तोच ठेवला, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ३०,००० रुपये होतं. मुद्दलात फक्त १,०१२ जातात आणि कर्ज फेडायला २४० ऐवजी ४५८ महिने लागतात, म्हणजे ३८ वर्षं. दर साडेनऊवर गेला तर व्याज ३१,६६७ होतं, हप्त्यापेक्षा जास्त, आणि कर्ज कधीच फिटत नाही. २०२२-२३ मध्ये रेपो अडीच टक्क्यांनी वाढला, तेव्हा हीच वेळ अनेकांवर आली. हप्ता तोच दिसत होता, त्यामुळे मुदत लांबल्याचा पत्ता नव्हता.

बँकेच्या ॲपमध्ये उरलेले हप्ते किती आहेत ते आजच बघा. ते तुमच्या निवृत्तीपलीकडे गेले असतील तर बँकेला लेखी कळवून हप्ता वाढवून घ्या. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत लांबवायची की दोन्ही थोडंथोडं करायचं, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यावी लागते. हाताशी जास्तीचे पैसे असतील तर ९ टक्क्यांच्या कर्जाची अंशतः परतफेड म्हणजे ९ टक्क्यांची, करमुक्त, बिनजोखमीची कमाई. अशी दुसरी ठेव बाजारात नाही. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंडही लागत नाही. जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट घेत असाल तर फायदा तेवढा कमी धरा. पण सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय सगळी शिल्लक कर्जात घालू नका. बँक ती संकटात परत देणार नाही.

ठेवींची शिडी, आणि जुनी ठेव मोडायची की नाही

दर चढत असताना एक मोठी पाच वर्षांची ठेव करू नका. १२ लाख असतील तर तीन-तीन लाखांच्या चार ठेवी करा: ३, ६, ९ आणि १२ महिन्यांच्या. प्रत्येक ठेव संपली की ती पुन्हा १२ महिन्यांसाठी टाका. दर तिमाहीला तुमचा एक चतुर्थांश पैसा नव्या दराला लागतो आणि अडीअडचणीला एक ठेव कायम जवळ आलेली असते. आपोआप नूतनीकरणाची खूण मात्र काढून टाका. बऱ्याच ठिकाणी ठेव जेवढ्या मुदतीची होती तेवढ्याच मुदतीला पुन्हा लागते, आणि त्या विचित्र मुदतीचा दर शेजारच्या मुदतीपेक्षा कमी असू शकतो.

जुनी, कमी दराची ठेव मोडावी का, हे अंदाजाने ठरवू नका. दंड कसा लागतो ते नीट समजून घ्या. ठेव जितकी चालली, तितक्या मुदतीचा त्या वेळचा दर धरतात आणि त्यातून अर्धा किंवा एक टक्का कापतात. मूळ ठरलेला दर मिळत नाही.

५ लाख, पाच वर्षं, साडेपाच टक्के अशी ठेव धरा. तशीच राहिली तर शेवटी ६,५७,००० च्या आसपास मिळतील. एक वर्ष झाल्यावर मोडली, एक वर्षाचा दर तेव्हा ५.१ होता आणि एक टक्का कापला, तर ४.१ ने ५,२०,८०० हातात येतात. ते उरलेल्या चार वर्षांसाठी ७ टक्क्यांना टाकले की ६,८७,४०० होतात. दंड भरूनही ३० हजार जास्त. तीच ठेव साडेतीन वर्षांनी मोडली, ४.३ टक्क्यांनी हिशोब झाला आणि उरलेलं दीड वर्ष ७ ने टाकलं, तर ६,४४,४०० मिळतात, म्हणजे साडेबारा हजारांचा तोटा. ठेव नवी असेल तर मोडणं परवडतं, संपत आली असेल तर नाही. दोन्ही आकडे बँकेच्या खिडकीवर लिहून मागा, तोंडी सांगितलेला दर धरून चालू नका.

या काळात पतसंस्थांचे फलक डोळ्यात भरतात, कारण तिथले दर बँकेपेक्षा दोन-तीन टक्क्यांनी वर असतात. पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. बँकेतल्या ठेवीला आहे, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पण एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंतच. चार शाखांत चार ठेवी केल्या तरी मर्यादा एकच. जास्तीच्या दोन टक्क्यांसाठी अख्खं मुद्दल पणाला लावायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमचं उत्तर नाही असं आहे.

सरकारी योजना: कोण हलतं, कोण नाही

रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे महागाईसाठीच बनवल्यासारखे वाटतात. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरावर ०.३५ टक्के जास्त, दर १ जानेवारी आणि १ जुलैला नवा दर, सात वर्षांची मुदत, गुंतवणुकीला वरची मर्यादा नाही. पण मेख अशी की प्रमाणपत्राचा दर बाजार नाही, सरकार ठरवतं. एप्रिल २०२० पासून २०२२ संपेपर्यंत तो ६.८ वरच होता, त्यामुळे महागाई सातच्या वर असताना या रोख्यांवर ७.१५ टक्के मिळत होते. ८.०५ टक्के मिळायला लागले ते जुलै २०२३ पासून. म्हणजे हा दर हलतो, पण वर्षभर मागे राहून. शिवाय व्याज पूर्ण करपात्र आणि साठीच्या आतल्यांना मधे पैसे काढता येत नाहीत. सात वर्षं न लागणारेच पैसे इथे टाका.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ज्या दिवशी खातं उघडता त्या दिवसाचा दर पाच वर्षं कायम राहतो. दर चढत असताना ३० लाखांची मर्यादा एकदम भरू नका, दोन-तीन तिमाहींत वाटून वेगवेगळी खाती उघडा. सप्टेंबर २०२२ पर्यंत दर ७.४ होता, एप्रिल २०२३ मध्ये ८.२ झाला. घाई केलेल्यांना एक वाट होती, आजही आहे: एक वर्ष पूर्ण झाल्यावर खातं बंद केलं तर मुद्दलाच्या दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. चार वर्षं उरली असतील आणि नवा दर ०.८ ने जास्त असेल तर ३.२ टक्के मिळवून दीड टक्का द्यायचा. जमतं. वर्षाच्या आत बंद केलं तर मिळालेलं व्याजही मुद्दलातून वळतं होतं, ते मात्र करू नका.

पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ वरच आहे. तरी करमुक्त असल्यामुळे ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला तो साधारण सव्वादहा टक्क्यांच्या करपात्र ठेवीइतका पडतो. तो बंद करू नका. महागाईला थेट जोडलेले रोखे सरकारने २०१३ मध्ये आणले होते, घाऊक निर्देशांकावरचेही आणि सीपीआयवरचेही. त्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही आणि ते मागे पडले. त्यामुळे परदेशातल्या लेखांत असे रोखे घ्या म्हणून सांगितलेलं असतं, ते इथल्या छोट्या गुंतवणूकदाराच्या फारसं कामाचं नाही.

रोखे आणि डेट फंड: एकच आकडा बघा

१० वर्षांचा, ६ टक्के व्याजाचा सरकारी रोखा १०० रुपयांना घेतला. दुसऱ्या दिवशी बाजार अशाच रोख्यावर ७ टक्के मागू लागला, तर तुमच्या रोख्याची किंमत ९३ रुपयांच्याही किंचित खाली येते. वर्षभराच्या व्याजापेक्षा जास्त तोटा. सरकार बुडण्याचा प्रश्नच नसतो, तरी ‘सुरक्षित’ गिल्ट फंड, म्हणजे सरकारी रोख्यांचा फंड, लाल दिसतो, तो यामुळे.

डेट फंडाच्या, म्हणजे रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडाच्या, दरमहाच्या फॅक्टशीटमध्ये मॉडिफाइड ड्युरेशन नावाचा आकडा असतो. तो ७ असेल तर बाजारातला दर एक टक्का वाढल्यावर एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, साधारण ७ टक्के उतरते. तो ०.५ असेल तर अर्धा टक्का, आणि ती घट दोन महिन्यांच्या व्याजात भरूनही निघते. महागाई चढत असेपर्यंत लिक्विड, मनी मार्केट किंवा अल्ट्रा शॉर्ट या गटांत, ड्युरेशन एकच्या आत ठेवा. गिल्ट आणि लाँग ड्युरेशन नंतरसाठी.

दुसरी चूक म्हणजे ड्युरेशन कमी ठेवून परतावा वाढवायला कमी पतीच्या कंपन्यांचे रोखे असलेला फंड घेणं. २०२० च्या एप्रिलमध्ये एका फंड घराण्याने एकाच दिवशी सहा डेट योजना बंद केल्या, तेव्हा पैसे अडकलेल्यांत ‘आम्ही तर अल्ट्रा शॉर्ट घेतलं होतं’ म्हणणारेही होते. योजनेच्या पानावर जोखमीचा चौकोन दिलेला असतो, ए-१ पासून सी-३ पर्यंत. अक्षर पतीचं, आकडा दराच्या जोखमीचा. या काळात ए-१ किंवा फार तर बी-१. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षं ठेवला तरी तुमच्या टप्प्यानेच करपात्र आहे. फरक एवढाच की कर विकल्यावर लागतो, ठेवीसारखा दरवर्षी नाही.

थेट सरकारकडून घ्यायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारचे अल्प मुदतीचे रोखे, १०,००० रुपयांपासून मिळतात. ९१ दिवसांचं बिल हे महागाईमागोमाग सगळ्यात झटपट हलणारं साधन आहे.

शेअर: दर वर्षीचं उत्तर नव्हे

‘महागाईवर शेअर हाच उपाय’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३५७ वर गेला होता. २०१३ संपताना तो ६,३०० च्या आसपास होता. लाभांश सोडला तर सहा वर्षांत शून्य, आणि त्यातली बरीचशी वर्षं महागाई दहाच्या घरात होती. पुढे त्याच निफ्टीने भरपाई केली. म्हणून पाच-सात वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये ठेवू नका, आणि त्यापुढचा पैसा महागाईला घाबरून काढू नका. एसआयपी चालू ठेवा आणि दर एप्रिलला घरच्या महागाईइतकी वाढवा. १०,००० ची एसआयपी पाच वर्षं तेवढीच राहिली तर ती प्रत्यक्षात कमी होत गेलेली असते.

स्वतः शेअर निवडत असाल तर तिमाही निकालात एकच गोष्ट आधी काढा: कच्चा माल महागल्यावर कंपनीला भाव वाढवता आला का? समजा विक्री १००, कच्चा माल ६०, इतर खर्च २८, नफा १२. माल १० टक्क्यांनी महागून ६६ झाला. कंपनीने भाव ६ टक्क्यांनी वाढवले आणि गिऱ्हाईक टिकलं तर १०६ वजा ६६, ढोबळ नफा पूर्वीसारखाच ४०. टक्केवारी ४० वरून ३७.७ वर आलेली दिसेल आणि बातम्यांत ‘मार्जिन घसरलं’ येईल, पण रुपये शाबूत आहेत. भाव ३ टक्केच वाढवता आले आणि इतर खर्च २९ झाला, तर १०३ वजा ६६ वजा २९, उरले ८. नफा एक तृतीयांशाने गेला. पहिली कंपनी ठेवा, दुसरी नको. बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा पाचलाच ठेवून आतली बिस्किटं कमी करणं हीसुद्धा भाववाढच. ती खपतेय का, हे विक्रीच्या नगांवरून म्हणजे व्हॉल्यूमवरून कळतं, रुपयांतल्या विक्रीवरून नाही. आणि जिचं कर्ज मोठं आणि बदलत्या दराचं, तिला मालही महाग नि व्याजही महाग: दुष्काळात तेरावा महिना.

तेल, पोलाद, साखर यांचे शेअर महागाईत पळतात हे खरं, पण ज्या वस्तूचे भाव जनतेला टोचतात तिच्यावर सरकारचा हात पडतो. २०२२ मध्ये १३ मेला गव्हाची निर्यात बंद झाली. २२ मेपासून पोलादावर १५ टक्के निर्यात शुल्क लागलं आणि दुसऱ्याच दिवशी धातू कंपन्यांचे शेअर कोसळले. १ जुलैला देशात काढलेल्या कच्च्या तेलावर जादा नफ्याचा कर आला. आकर्षक परतावा पाहून मेमध्ये मेटल फंडात शिरलेल्यांचं वरातीमागून घोडं झालं. एखाद्या क्षेत्राचा फंड घ्यायचाच हट्ट असेल तर शेअरमधल्या रकमेच्या ५ ते १० टक्क्यांवर जाऊ नका.

सोनं: रुपयाचा विमा

आता सोन्याचे आकडे. १० ग्रॅमचा सरासरी भाव २०१२ मध्ये साधारण ३१,००० होता आणि २०१८ मध्येही ३१,००० च्या थोडाच वर. त्याच सहा वर्षांत सीपीआय १०० वरून १३८ च्या पुढे गेला. म्हणजे सोन्यातला पैसा खरेदीशक्तीत एक चतुर्थांशाहून थोडा जास्तच घटला, आणि त्याच काळात निफ्टी दुपटीहून जास्त झाला. त्याआधीच्या २००८ ते २०१३ मध्ये नेमकं उलटं होतं. दोन्ही थोडं थोडं ठेवायचं ते यासाठी.

भारतात सोनं उपयोगी पडतं ते मुख्यतः रुपयामुळे. २०२२ मध्ये डॉलरमध्ये सोनं जवळपास जागच्या जागी राहिलं, पण रुपया ७४ वरून ८२ च्या पुढे घसरला आणि इथला भाव चढला. तेल महाग, रुपया कमजोर अशी आयात केलेली महागाई असेल तर सोनं साथ देतं. टोमॅटोच्या महागाईत सोन्याचा काही संबंध नाही. एकूण गुंतवणुकीच्या १० ते १५ टक्के पुरे, तेही एका दिवशी न घेता सहा-आठ महिन्यांत वाटून. आयात शुल्काचाही झटका बसतो: २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते १५ वरून ६ टक्के झालं आणि भाव त्याच दिवशी खाली आले.

दागिना ही गुंतवणूक नव्हे. १ लाखाच्या सोन्यावर १२ टक्के घडणावळ म्हणजे १२,०००, त्या १,१२,००० वर ३ टक्के जीएसटी ३,३६०. दिले १,१५,३६०. मोडताना सराफ घडणावळ आणि जीएसटी धरत नाही. भाव १५ टक्के वाढला तर तुम्ही मुद्दलावर येता. धातूच हवा असेल तर वेढणी किंवा नाणं घ्या, हॉलमार्कसोबतचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक (एचयूआयडी) बघून. लग्नाचं निमित्त नसेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारं सोन्याच्या फंडाचं युनिट, सोपं. वर्षाहून जास्त ठेवलं तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. विकत घेताना पडद्यावरची सूचक एनएव्ही आणि बाजारभाव यांत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक असेल तर थांबा. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीच्या ईटीएफवर इतका प्रीमियम चढला की काही फंड घराण्यांनी चांदीच्या फंडांत एकरकमी पैसे घेणं तात्पुरतं थांबवलं. त्या आठवड्यात घेणाऱ्याने चांदीशिवाय नुसत्या गर्दीचेही पैसे मोजले. सरकारी सुवर्णरोख्यांचे नवे हप्ते फेब्रुवारी २०२४ नंतर आलेले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात, पण घेण्याआधी मुदतपूर्तीच्या नफ्यावरचा सध्याचा करनियम तपासून घ्या. ॲपवरचं डिजिटल सोनं सेबीच्या देखरेखीखाली येत नाही, असा इशारा सेबीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे.

दुसरा फ्लॅट

पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट: मुद्रांक ७ टक्के ५.६ लाख, नोंदणी ३०,०००, दलाली एक टक्का ८०,०००. झाले ८६.७ लाख. भाडं २२,००० धरलं तर वर्षाला २.६४ लाख. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च ३६,०००, मिळकतकर १४,०००, एक महिना रिकामा २२,०००, रंग-दुरुस्ती १२,००० काढा. उरले १.८० लाख, जेमतेम दोन टक्के. भाडं महागाईसोबत वाढतं हे खरं, पण सुरुवातच दोन टक्क्यांवरून आहे, आणि फ्लॅट कर्जावर असेल तर ९ टक्के देऊन २ टक्के कमवायचे. राहायला घर हवं असेल तर घ्या, ते गणित वेगळं. भाड्याचं उत्पन्न हवं असेल तर शेअर बाजारात नोंदलेले रीट, म्हणजे अनेकांचा पैसा भाड्याने दिलेल्या इमारतींत गुंतवणारे ट्रस्ट, बघा. त्यांना वाटपायोग्य रोकडीच्या किमान ९० टक्के वाटावेच लागतात आणि व्यावसायिक भाडेकरारांत भाडेवाढ आधीच लिहिलेली असते. दर चढताना रीटचे भाव मात्र दबतात, तेव्हा पाच टक्क्यांहून जास्त नको.

एका कागदावर मांडणी

चाळिशीचं, नोकरी करणारं, ३० लाख शिल्लक असलेलं घर घेऊ. सहा महिन्यांचा खर्च ४ लाख, स्वीप ठेव (बचत खात्याला जोडलेली, लागेल तेव्हा मोडणारी) आणि लिक्विड फंडात. दोन वर्षांनी लागणारी फी ३ लाख, शिडीत. उरलेल्या २३ पैकी शेअर फंडांत १४, पीपीएफ आणि कमी ड्युरेशनच्या डेट फंडात ६, सोनं ३. शेअरचा वाटा ठरलेल्यापेक्षा पाच टक्के गुणांनी वर किंवा खाली गेला तरच हलवायचं. शक्यतो विकून नाही, नवे पैसे कमी पडलेल्या बाजूला वळवून. विकावंच लागलं तर शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातले वर्षाला १.२५ लाख करमुक्त आहेत, तेवढंच मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला विभागून विका.

सहासष्ट वर्षांच्या निवृत्ताकडे ५० लाख असतील तर ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, टप्प्याटप्प्याने. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात. पण ते पाच वर्षं ६१,५०० च राहतात आणि महागाई ६ टक्के असेल तर पाचव्या वर्षाअखेर त्यांची किंमत आजच्या ४६ हजारांएवढी. म्हणून बदलत्या दराच्या रोख्यांत ५, ठेवींच्या शिडीत ६, शेअरचा अंश असलेल्या हायब्रिड फंडात ६ आणि सोनं ३. वय झालं म्हणून सगळं ठेवीतच, हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण पुढची वीस वर्षं काढायची असतात.

शिडी लांब कधी करायची

चढते दर कायम चढत नाहीत. कोअर महागाई तीन-चार महिने उतरू लागली आणि रिझर्व्ह बँकेने दोन-तीन पतधोरणांत रेपो तसाच ठेवला, की शिडीतून मोकळी होणारी प्रत्येक ठेव १२ महिन्यांऐवजी तीन ते पाच वर्षांसाठी टाका आणि डेट फंडातलं ड्युरेशन हळूहळू वाढवा. फेब्रुवारी २०२३ नंतर रेपो ६.५० वर दोन वर्षं थांबला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पतधोरणाचा पवित्रा ‘न्यूट्रल’ झाला आणि फेब्रुवारी २०२५ पासून कपात सुरू होऊन जूनपर्यंत रेपो ५.५० वर आला. त्या दोन वर्षांत ज्यांनी सात-सव्वासात टक्क्यांना पाच वर्षं बांधली ते निवांत आहेत. वर्ष-वर्षाच्या ठेवी करत राहिलेल्यांना २०२५ च्या पावसाळ्यात नूतनीकरणाला गेल्यावर सहा-साडेसहाचा फलक दिसला.